दादूसचं नाक

“जाळ काढा रे, करपताय!”

एवढं ओरडून दादूस गप्प उभा राहायचा. नजर टोपाच्याही पलीकडे कुठेतरी लागलेली. ओठ हळूहळू हलायचे, रश्श्याचा घोट जिभेवर घोळवून पाहावा तसे. उजव्या हाताची बोटं खांद्यावरच्या पंच्याचं टोक चोळत राहायची. त्या वेळी कुणी हाक मारली तरी तो ओ द्यायचा नाही, आणि शहाणी माणसं हाक मारायचीही नाहीत. हाताखालचे गडी चराकडे, म्हणजे जमिनीत खणलेल्या लांबट चुलीकडे धावायचे आणि पेटती लाकडं भराभर बाहेर ओढायचे.

जरा वेळानं दादूस डोळे मिचकावायचा, आजूबाजूला पाहायचा आणि विचारायचा, “तांदूळ टाकलं काय?”

तांदूळ त्याच्यादेखतच टाकलेले असायचे. गडी एकमेकांना कोपरखळी मारून म्हणायचे, दादूस आपली परीक्षा घेतोय.

तुम्ही पनवेलच्या आसपास, खाडीकडच्या एखाद्या गावात हळदीचं किंवा लग्नाचं जेवण जेवला असाल, तर ते दादूसच्या हातचं असणार हे मी पैजेवर सांगतो. आगरी माणसं थोरल्या भावाला दादूस म्हणतात. हा तर अख्ख्या पंचक्रोशीचा थोरला भाऊ होता. त्याच्या खऱ्या नावानं त्याला कुणी हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नाही. माझं पनवेलात मांडव, खुर्च्या आणि भांडी भाड्यानं देण्याचं दुकान आहे. दोन हजार सालानंतर इकडच्या जमिनींना भाव आला आणि गावागावांतली लग्नं फुगत गेली. लग्न फुगलं की मांडव फुगतो, आणि मांडव फुगला की आचारी मोठाच लागतो. अशी आमची दोघांची गाठ पडली ती पडलीच.

भांडी निवडायला तो स्वतः यायचा. प्रत्येक टोपाच्या बुडावर बोटाच्या पेरानं टकटक करायचा, कान लावायचा आणि मग माझ्याकडे बघून म्हणायचा, “शेठ, ह्यो टोप हाय का चालनी?” मी म्हणायचो, “दादूस, गेल्या लग्नात तूच नेला होतास.” त्यावर तो म्हणायचा, “म्हनूनच विचारताय.” माझ्या गिऱ्हाइकांसमोर माझ्या भांड्यांची अब्रू काढायची त्याला भारी हौस. मी चिडायचो. तो गेला की दुकान ओस पडल्यासारखं वाटायचं, हेही खरं.

त्याचा स्वयंपाक चांगला होताच, पण त्याचं नाव झालं ते नाकामुळे. सुरुवातीला हे करपण्याचं काही नव्हतं. मध्येच कधीतरी, तो पन्नाशीकडे झुकल्यावर, सुरू झालं. बाकी कुणाला वास येण्याच्या कितीतरी आधी दादूसला येतो अशी ख्याती झाली. आणि ती खोटी ठरायला काही वावच नव्हता, हे तुमच्या लक्षात आलं का? तो ओरडायचा, गडी जाळ ओढायचे, भात करपायचा नाही. भात करपला नाही म्हणजे दादूसचं नाक खरं. मीसुद्धा मान डोलावायचो. गिऱ्हाईक आलं की सांगायचो, आचारी पाहिजे तर नाकवाला घ्या, नुसता हातवाला काय कामाचा?

एकदा खारघरच्या एका टॉवरमध्ये वास्तुशांत होती. तिथल्या बाईंना कांदा-लसणाशिवाय पनीर हवं होतं. दादूसनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच ते पनीर शोधून काढलंय. तरी गेला. पार्किंगमध्ये भट्ट्या लावल्या. बाई मधेच बघायला आल्या आणि नेमका त्याच वेळी दादूस थांबला. ओठ हलताहेत, बोटं पंचा चोळताहेत, नजर खांबावर. बाईंनी श्वास रोखला. मग हळूच वर गेल्या आणि आणखी चार मैत्रिणींना घेऊन आल्या. “काय कॉन्सन्ट्रेशन आहे बघा! ध्यान लावूनच करतात हे लोक.” त्या बायकांनी हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. परतीच्या टेम्पोत मी हसून हसून बेजार झालो. दादूस मात्र विचारत होता, “कवा आल्या त्या? मी कुठं होतो?”

मी म्हटलं, “ध्यानात.”

तो हसला नाही. तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

घरीही त्याला तो वास यायचा. चूल थंड, गॅस बंद, आणि हा उठून नाक वर करून घरभर फिरायचा. वहिनी विचारायची, तेव्हा म्हणायचा, “तळोज्याचा हाय.” आमच्या भागात हे उत्तर पुरतं. वारा तिकडच्या कारखान्यांवरून फिरला की खरोखरच कसले कसले वास येतात, आणि कुठलाही नवा वास आला की माणसं कंपन्यांच्या दिशेला तोंड करून दोन शिव्या देतात आणि खिडकी लावून घेतात. वहिनीही खिडकी लावायची. वास तिला येत नव्हता. पण नवऱ्याचं नाक आपल्यापेक्षा तिखट, हे तिनंही सगळ्यांसारखं मान्यच केलेलं होतं.

मग एका दुपारी माझ्या गोदामात तो टोपावर टकटक करता करता थांबला. “शेठ, काय जलताय काय?” म्हणाला. मी काही बोलायच्या आत त्याच्या घशातून असा आवाज निघाला, की तो माणसाचा आहे हे मला कळलंच नाही. आणि तो भांड्यांच्या उतरंडीवर आडवा झाला. हातपाय ताठ झाले, मग झटके द्यायला लागले, तोंडाला फेस आला. सगळी भांडी त्याच्याबरोबर खडखडत होती. माझ्या माणसांपैकी एकानं त्याच्या नाकाला चप्पल लावली. दुसऱ्यानं दातखीळ सुटावी म्हणून तोंडात पळीचा दांडा घातला आणि त्याचा पुढचा दात तुटला. मी नुसता उभा होतो. इतकी वर्षं लोकांच्या लग्नांत पडेल ते काम केलेला मी, पण त्या वेळी माझे हात लाकडाचे झाले होते.

शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा तुटलेल्या दाताच्या जागी जीभ फिरवली. मग म्हणाला, “मना कोनी मारला?”

डॉक्टरांकडे मी आणि वहिनी घेऊन गेलो. बाई डॉक्टर होत्या, मेंदूच्या. आधी त्यांनी आमचीच हजेरी घेतली. “चप्पल नाही, कांदा नाही, तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि थांबायचं.” मग त्याला विचारलं, “पडायच्या आधी काही झालं होतं का? काही दिसलं, काही वास?”

दादूसची छाती फुगली. त्यानं आपल्या नाकाची सगळी कीर्ती सांगितली. कुठल्या लग्नात काय वाचवलं, कुणाच्या बारशाला काय झालं, सगळं. मीही मध्ये मध्ये भर घालत होतो, माझ्या दुकानाची जाहिरात करावी तशी. बाई लिहीत होत्या. त्या हसत नाहीत हे माझ्या आधी वहिनीच्या लक्षात आलं.

“तो वास आल्यावर तुम्ही गप्प होता का? ओठ हलतात? हाताची काही हालचाल?”

वहिनीनं पदराचं टोक चिमटीत धरलं आणि चोळून दाखवलं.

बाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं. तो वास चुलीचा नसावा. तो बाहेर कुठे नाहीच. मेंदूच्या एका कोपऱ्यात ठिणगी पडते, तेव्हा माणसाला असा वास येतो. काहींना करपल्याचाच येतो. ठिणगी तिथेच विझली तर माणूस थोडा वेळ हरवतो, पसरली तर पडतो. “फिटचा आजार असावा असं मला वाटतं. तपासण्या करू.”

दादूसनं नाकाला हात लावला. मग म्हणाला, “बाई, पन करपला कवाच नाय.”

“कारण तुमची माणसं दरवेळी जाळ काढायची ना?”

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं आपण सहज म्हणतो. इथे तर फांदी तुटतच नव्हती आणि आम्ही कावळ्याची पूजा करत होतो. मला त्या खुर्चीत बसवेना.

डोक्याला वायरी लावून तपासणी झाली. डोक्याचा फोटो काढला. दोन्ही साफ आले. दादूस पेढे घेऊन दुकानात आला. “कागद साफ हाय, शेठ! काय नाय झाला मना.” मी पेढा हातात धरून तसाच बसलो, कारण बाईंनी मला आणि वहिनीला वेगळंच सांगितलं होतं. कागद साफ आला म्हणजे आजार नाही असं होत नाही. वायरी लावल्या त्या घटकेला ठिणगी पडली नाही, एवढंच. गोळ्या चालू करायच्या. आणि तोवर आग, पाणी, उंची, तिन्हीपासून लांब.

हे मी दादूसला समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हाय का नाय, एक सांगा.”

“बहुतेक आहे.”

“बहुतेक कसा? पोरगी बहुतेक गरोदर असते काय?”

आजार आहे म्हणावं तर कागद साफ, नाही म्हणावं तर दात तुटलेला. तो माणूस त्या दोहोंच्या मध्ये अडकला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

गोळ्या मात्र वहिनीनं जबरदस्तीनं चालू केल्या. वास बंद झाला. पडणंही बंद झालं. आणि एका मुंजीत, कधी नव्हे तो, दादूसचा भात करपला. तो टोपाशेजारीच उभा होता. सगळ्यांना वास येत होता. गडी त्याच्याकडे बघत होते की हा कधी ओरडतो, आणि हा उभा होता की आपल्याला कधी वास येतो. कुणाचाच धीर झाला नाही. यजमानांनी वरवर हसून घेतलं. दादूस माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, “खरा कुठला आन् खोटा कुठला, मना कललाच नाय. आता कुठल्याच वासाचा भरवसा नाय वाटत, शेठ.” त्याच्या आवाजात मी त्याआधी कधी भीती ऐकली नव्हती. मला फार वाईट वाटलं. एखाद्याचा आजार बरा करताना त्याचा कणाच काढून घेतल्यासारखं ते होतं.

त्याच सुमाराला त्याच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं. स्थळ चांगलं, मुलगा सरळ. साखरपुड्याला नवऱ्या मुलाचा बाप हात जोडून म्हणाला, “आमाला हुंडा नको, मानपान नको. लग्नाचा जेवान तेवढा दादूसच्या हातचा पायजे.” सगळा मांडव हसला. दादूस लाजला. वहिनी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

कारण दादूस चुलीपाशी उभा राहिला नाही तर ‘का?’ असं विचारलं जाणार. त्याचं उत्तर एकच. आणि घरात फेफरं आहे हे कळलं की स्थळ मोडणार. ते खरं की खोटं, बहुतेक की नक्की, हे विचारायला कुणी थांबणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वहिनीनं गावात कुणालाच काही सांगितलं नव्हतं, लेकीलासुद्धा नाही. माहीत होतं ते तिला, तिच्या भावाला आणि मला.

लग्नाला थोडेच दिवस राहिले असताना दादूस भांडी ठरवायला आला. टोपावर टकटक केली. बोलणं कसलं, नुसता हं-हं. जाता जाता म्हणाला, “गोल्या बंद केल्यात. लग्नापुरत्या. लग्न झाला की परत चालू.”

मी त्याला वाटेल ते बोललो. गिऱ्हाइकांसमोर बोललो. तो शांतपणे म्हणाला, “गोलीनी डोकं जड होता. हात चालत नाय. पोरीच्या लग्नात मी करपलेला भात वाढू?”

मी तडक त्याच्या घरी गेलो आणि वहिनीला सांगितलं. ती त्याच्याशी भांडली, रडली, गोळी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती तिच्यासमोर तोंडात टाकली. गिळली की नाही, देव जाणे. शेवटी आम्ही आमच्या परीनं बंदोबस्त केला. चरापासून लांब एक खुर्ची ठेवली. दादूसनं तिथे बसून हुकूम सोडायचे, उठायचं नाही. मेव्हण्यानं त्याच्या शेजारून हलायचं नाही. उकळतं काही असेल तिथे मी स्वतः उभं राहायचं.

हळदीच्या संध्याकाळी दादूस त्या खुर्चीवर बसून असा खवळला होता, की विचारू नका. “लग्न पोरीचा आन् खुर्ची मना? मी काय पाहुना हाय?” मेव्हण्याला तो जेलर म्हणायला लागला. उठू पाहायचा, मेव्हणा दंडाला धरून बसवायचा. पण मटणाचा रस्सा असा झाला होता, की लोकांनी बोटं चाटली. दुसऱ्या दिवशी लग्नाचं जेवण. सकाळपासून चर पेटला. डाळ, भाजी, भात, गोड, सगळं त्याच्या तोंडच्या हुकमावर उतरलं. एकदाही तो ओरडला नाही, एकदाही थांबला नाही. टोप झाकले गेले, लाकडं ओढून पाणी मारलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी मेव्हण्याला म्हटलं, “जा, कपडे बदल. सुटलो.”

दादूसही उठला. काजळीनं आणि घामानं माखला होता. “अंगोल करून येताय,” म्हणाला. घरातली न्हाणी बायकांनी भरलेली होती. तो पंचा घेऊन गावच्या तळ्याकडे गेला. लहानपणापासून तो तिथेच अंघोळ करत आलेला. पायऱ्यांजवळ पाणी कमरेच्या वर नाही.

मुहूर्त जवळ आला तरी तो येईना, तेव्हा मेव्हणा बघायला गेला. कमरेएवढ्या पाण्यात, पायऱ्यांपासून हाताच्या अंतरावर, तो पालथा पडलेला होता. आम्ही सगळे विस्तव राखत बसलो होतो. पाण्याची आठवण एकालाही झाली नाही.

बाहेर काढला, पोट दाबलं, डॉक्टर आला, सगळं झालं. तळ्यापलीकडे एका भाऊबंदाच्या घरात त्याला चटईवर ठेवलं. वहिनी आली. तिनं त्याच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. गावातली दोन वडीलधारी माणसं दाराशी उभी होती. मांडवात धवलारणीचं लग्नगाणं सुरू झालेलं तिथपर्यंत ऐकू येत होतं. आता लग्न थांबवायला हवं, असं एकजण हळूच म्हणाला.

“नाय,” वहिनी म्हणाली. “अक्षता पडू द्या. पोरगी एकदा गाडीत बसू दे. मंग मी रडताय.” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, मागाहून कोनी विचारला तर पाय घसरला. एवढाच सांगायचा.”

कन्यादान चुलत्यानं केलं. दादूसला चक्कर आली, दवाखान्यात सलाईन लावलंय, असं मांडवात तेवढ्यापुरतं सांगितलं. रात्रंदिवस जाळाजवळ होता, होणारच, असं सगळे म्हणाले. वहिनी हिरव्या बांगड्या भरून, कपाळाला कुंकू लावून मांडवात उभी होती. तिनं विहिणीची ओटी भरली. पंगती बसल्या. मी भाताचं तपेलं घेऊन वाढत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी पंगतीत वाढलं असेल. नवऱ्या मुलाचा बाप तोंड भरून म्हणाला, “जेवान एक नंबर! दादूसला सांगा, मी दवाखान्यात येऊन पाया पडनार.” मी त्याच्या पानात आणखी भात वाढला.

पाठवणीला लेक गाडीत बसली. सगळ्यांच्या गळ्यात पडून रडून झालं होतं. काच खाली करून तिनं मला जवळ बोलावलं.

“काका, बाबांना पान पाठवलात ना? सकालपासून उपाशी हायत.”

“पाठवलं.”

“जेवले?”

“जेवले.”

गाडी हलली. वहिनी हात वर करून उभी राहिली, गाडी रस्त्याला लागेपर्यंत. ती दिसेनाशी झाल्यावर वहिनी तिथेच, मांडवाच्या दारात, खाली बसली.